उन्हाळ्यातली गच्ची: ८ इंची डॉब्सोनियन की ८० मिमीची छोटी दुर्बीण?

गुच्छ, तेजोमेघ, दीर्घिका बघायच्या आणि बजेट एकाच दुर्बिणीचं, तर निवड बहुधा या दोघींत अडकते: २०३ मिमी आरशाची, १२०० मिमी नाभीय अंतराची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण, थोडक्यात डॉब), नाहीतर ८० मिमी भिंगाची, ४०० मिमी नाभीय अंतराची अपवर्ती. प्रकाश गोळा करण्यात डॉब सहापट पुढे. पण तेवढ्यावर निकाल लागत नाही.

गोलाकार गुच्छांत मात्र डॉबला तोड नाही. शौरी तारकासमूहातला एम १३ घ्या (एम म्हणजे मेसियेच्या यादीतला क्रमांक). ८० मिमीत तो कापसाचा बोळा. डॉबला १० मिमीची नेत्रिका, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, लावली (१२० पट) की कडेचे तारे सुटे होऊ लागतात. त्यातले सर्वांत तेजस्वी तारेच १२व्या प्रतीच्या आसपासचे (प्रतीचा आकडा मोठा तसा तारा फिका), छोट्या भिंगाच्या आवाक्याबाहेरचे. नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा गुच्छ तर त्याहून देखणा, पण मेच्या मध्यावर रात्री साडेदहाला पुण्याहून तो दक्षिणेला जेमतेम २४ अंशांवर असतो. डॉब बुटकी; कठड्याला खेटून ठेवली तर समोर भिंतच दिसते. दोनेक मीटर मागे घ्या.

वृश्चिकाच्या नांगीजवळचा एम ७ हा गुच्छ सव्वा अंशाहून मोठा आहे. २५ मिमीच्या प्लॉसल प्रकारच्या नेत्रिकेने डॉबमध्ये अंशभरच आकाश दिसतं, गुच्छ मावत नाही. ८० मिमीत त्याच नेत्रिकेतून तीन अंश: एम ७ अख्खा, आणि ज्येष्ठा तारा नि एम ४ गुच्छ एकाच चौकटीत.

दीर्घिकांसाठी शहरातून दोन्हींकडून फार आशा नको. एम ५१ या सर्पिल दीर्घिकेचे फाटे डॉबमध्येही गडद काळोखातच दिसतात. यूएचसी फिल्टर (तेजोमेघांचा प्रकाश जाऊ देऊन शहरी उजेड अडवणारा) एम ८सारख्या तेजोमेघांना मदत करतो, दीर्घिकांना नाही.

डॉबचे लाड जास्त. आरसा बाहेरच्या हवेला यायला पाऊण तास लागतो. त्यात दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो, आणि १२० पटीत तारे उकळल्यासारखे थरथरतात. ८० मिमीच्या १६ पटीत ते जाणवतही नाही. अंगणातली माती बरी. जिन्यातून नेताना आरसेही हलतात: ठळक तारा फोकसबाहेर काढा, वलयं एककेंद्री नसतील तर कॉलिमेशन, म्हणजे आरशांची जुळवणी, करा.

तळमजला किंवा लिफ्ट असेल तर डॉब, बिनदिक्कत. वीसेक किलो तिसऱ्या मजल्यावर चढवायचे असतील तर ८० मिमी. फक्त ठळक ताऱ्यांभोवतीची जांभळी कडा चालवून घ्यावी लागेल.