बर्डीतला १२-०-१२ ट्रान्सफॉर्मर: हम त्याचा किती, आपल्या वायरिंगचा किती

नागपूरच्या सीताबर्डीत सुट्या पार्टच्या दुकानांत मिळणारा १२-०-१२ (मधल्या वायरीपासून दोन्ही बाजूंना १२ व्होल्ट देणारा), ३ अँपिअरचा साधा ईआय कोअरचा (E आणि I आकाराच्या पत्र्यांच्या गाभ्याचा) ट्रान्सफॉर्मर घरच्या अ‍ॅम्प्लिफायरला चालतो का? चालतो. हमसाठी, म्हणजे स्पीकरमधून येणाऱ्या गुणगुणीसाठी, लोक त्याला शिव्या घालतात, पण बहुतेक वेळा दोष ग्राउंडच्या (शून्य व्होल्टच्या) वायरीचा असतो.

घेताना मात्र काउंटरवरच मेन्स लावून दाखवायला सांगा. तुकडा स्वतःच करकरत असेल तर पत्र्या सैल आहेत किंवा वार्निश नीट मुरलेलं नाही, दुसरा मागा. ‘३ अँपिअर’ लिहिलेले दोन तुकडे हातात घ्या आणि जड तो उचला. वायंडिंग तांब्याचं आहे का, हे स्पष्ट विचारा.

व्होल्टेजचा हिशेब आधी करा. एसीचं डीसी केलं की १२ गुणिले १.४१ म्हणजे जवळपास १७ व्होल्ट. पण लोड नसताना, त्यात रात्री मेन्स चढलेला असला, तर रेल (अ‍ॅम्प्लिफायरला मिळणारा अधिक आणि उणे डीसी पुरवठा) ±१९ च्याही पुढे जाते. टीडीए २०३० या अ‍ॅम्प्लिफायर आयसीची कमाल मर्यादा ±१८ आहे, म्हणून ±२२ सोसणारा २०३०ए घ्या. एसीचं डीसी करायला डायोड १एन५४०८. कपॅसिटर प्रत्येक रेलला ४७०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट. १ अँपिअर ओढला तर त्यावर साधारण २ व्होल्ट रिपल (डीसीतला चढउतार) राहतो; २२०० लावलात तर दुपटीहून जास्त.

आता खरी गोम. ट्रान्सफॉर्मरची मधली वायर थेट दोन्ही कपॅसिटरच्या जोडावर न्या. वायरीच्या या तुकड्यातून कपॅसिटरच्या चार्जिंगचे झटके वाहतात, म्हणून मध्ये दुसरं काहीही जोडायचं नाही. त्या जोडावरून एकच जाड वायर काढून स्टार पॉइंट, म्हणजे सगळे ग्राउंड एकत्र येण्याची एकच जागा, करा. स्पीकरची परतीची वायर, आयसीचा ग्राउंड आणि इनपुटचा ग्राउंड तिथे वेगवेगळे आणा. सोय म्हणून इनपुटचा ग्राउंड ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या वायरीलाच चिकटवला, की १०० हर्ट्झची खरखरीत बझ आलीच समजा.

पेटीला अर्थिंग हवंच. हम घालवायला प्लगची तिसरी पिन काढणं म्हणजे जिवाशी खेळ.

दोष शोधायचा तर इनपुट ग्राउंडला शॉर्ट करा. हम तसाच राहिला तर सप्लाय किंवा ग्राउंड बघा. गेला तर इनपुटची केबल, व्हॉल्यूम पॉट किंवा जोडलेला मोबाइल. ही परीक्षा कूलर बंद करून घ्या. मेमध्ये कूलरच्या घरघरीत ठणठणीत वाटलेला सेट पाऊस लागला की गुणगुणतो. हम तेव्हाही होताच.

खरखर नसलेला, जाडसर ५० हर्ट्झचा सूर येत असेल तर तो बहुधा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राचा. स्क्रू मारण्याआधी ट्रान्सफॉर्मर लांब वायरींवर चालू ठेवा. सगळे जोड इन्सुलेट केलेले असू द्या, मग स्पीकर ऐकत कोअर हळूहळू फिरवा. एका कोनात आवाज एकदम पडतो. तिथेच बसवा, इनपुटपासून १० ते १५ सेंटिमीटर दूर.

इतकं करूनही समाधान नसेल तर टोरॉइड, म्हणजे गोल कड्यासारख्या गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर, घ्या. महाग आहे, पण बाहेर क्षेत्र फारच कमी सोडतो. फक्त मधला बोल्ट पेटीच्या तळाला आणि झाकणाला एकाच वेळी टेकू देऊ नका. तो शॉर्ट झालेला एक वेढा बनतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो.