हाफ प्लेटचा लाकडी कॅमेरा, सात-आठ महिन्यांनी: स्लाइड नसेल तर पैसे देऊ नका

परवा डार्क स्लाइडच्या (प्लेट किंवा फिल्म अंधारात ठेवून कॅमेऱ्याच्या मागे खोचायची चपटी पेटी) झडपेची कापडी बिजागरी फाटली आणि सगळे निगेटिव्ह एका कडेने काळे आले, म्हणून आता लिहूनच टाकतो.

हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंची काचेच्या प्लेटचा जुना कॅमेरा. दिसायला वस्तू खल्लास आहे, वादच नाही. महोगनी, पितळ, मरून बेलोज (लेन्स आणि प्लेटमधला घड्यांचा भाता). विकणाऱ्याने "थॉर्नटन-पिकार्ड आहे साहेब" म्हणून भाव चढवला होता. पण ती पाटी होती शटरवर! इंग्लंडातल्या ऑल्ट्रिंचमची ही कॅमेरा कंपनी रोलर ब्लाइंड शटर (लेन्सवर बसणारं, कापडी पडदा सरकवणारं) सुटंही विकायची आणि लोक ते कुठल्याही कॅमेऱ्याला लावायचे. बॉडीवर वेगळी पाटी किंवा निदान तिच्या स्क्रूची भोकं आहेत का बघा. माझ्यावर दोन्ही नाही, हे तिथेच दाखवलं आणि भाव बऱ्यापैकी खाली आणला.

पहिल्या महिन्यात मी बेलोजला शिव्या घालत होतो. अंधारात आत टॉर्च लावला की घडीच्या कोपऱ्यांत चांदण्या. आता तक्रार नाही, काळा फॅब्रिक कलर दोन हात मारला, काम झालं. शटरवर १/१५ ते १/९० लिहिलंय, पण एवढ्या जुन्या स्प्रिंगवर कोण विश्वास ठेवणार, मी लेन्सची टोपी काढून मनात आकडे मोजतो.

खरं दुखणं स्लाइडचं. ही पुस्तकासारखी उघडणारी, आत दोन काचेच्या प्लेटा पाठीला पाठ लावून बसतात. फिल्म वापरायची तर पत्र्याची शीथ, म्हणजे फिल्म ताठ धरणारं पातळ कव्हर हवं, नाहीतर फिल्म डुगडुगते आणि फोकस गेला. त्यात प्रत्येक मेकरची स्लाइड वेगळी, दुसऱ्याची आपल्या खाचेत बसेलच असं नाही, आणि बसली तरी प्लेट ग्राउंड ग्लासच्याच (फोकस बघायच्या दुधी काचेच्याच) अंतरावर येईल याची खात्री नाही. मी एक जुनी स्लाइड सुताराला दिली, "जरा बसवून द्या" एवढंच सांगितलं, त्याने बसायच्या बाजूला मस्त रंधा मारला, वर पॉलिशचे पैसे वेगळे मागितले. आता ती अशी सुळकन बसते की काय सांगू, फक्त चेहरे धूसर येतात. भांडलो, पॉलिशचे दिले नाहीत.

फिल्मचा खर्च मात्र नाही म्हणायला हरकत नाही. ८×१० इंची एक्स-रे फिल्म, तिच्यातून पावणेपाच बाय साडेसहाचे दोन तुकडे निघतात, लाल दिव्यात आरामात कापता येते. दोन्ही बाजूंना इमल्शन (प्रकाश टिपणारा थर) असल्यामुळे ओरखडे पडतात तेवढं सांभाळा.

दुकानदार लेन्स काढून सुटी विकतात, बॉडी शोपीस म्हणून जाते, आणि स्लाइडला कोणी विचारत नाही. म्हणून लेन्स असलेला पण स्लाइड नसलेला कॅमेरा मला कोणी दाखवला तर मी लेन्सपुरताच भाव देईन, लाकडाचा एक रुपया नाही. कुणाच्या माळ्यावर हाफ प्लेटची स्लाइड पडली असेल तर फोटो नको, बाहेरची रुंदी आणि बसायच्या कडेपासून प्लेटपर्यंतची खोली मिलिमीटरमध्ये कळवा, मग पैशाचं बोलू.