धम्मगिरी, इगतपुरी : झोप शोधायला गेलो होतो

सिन्नरला माझं मेडिकल स्टोअर आहे, बावीस वर्षं झाली. सकाळी नऊ ते रात्री साडेदहा काउंटर. जेवण अकरानंतर, मग तासभर मोबाइल, मग छताकडे बघत पडणं. गेल्या वर्षी आठवड्यातून दोनतीनदा झोपेसाठी अल्प्राझोलामची अर्धी गोळी घ्यायला लागलो. माझ्याच दुकानातली, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय. गिऱ्हाइकाला मी ती तशी कधीच देत नाही. बीपीची गोळी वेगळी.

जुलैत धम्मगिरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं, त्याबद्दल लिहितोय. तिथं गेल्यावर शांत वाटतं, एवढंच सांगून लोक थांबतात. मी औषधवाला आहे, मला नेमकं सांगायला आवडतं.

पैसे लागत नाहीत. राहणं-जेवण सगळं आधीच्या साधकांच्या दानातून चालतं, आणि तुमचं दानसुद्धा शिबिर पूर्ण केल्यावरच घेतात. पहिल्या संध्याकाळी मोबाइल जमा. वाचायचं नाही, लिहायचं नाही, बोलायचं नाही, खाणाखुणा नाहीत, कोणाला हातसुद्धा लावायचा नाही. पहाटे चारला घंटा. साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण, पाचला नव्या लोकांना चहा, फळ आणि मुरमुरे. की झालं, थेट दुसऱ्या दिवशीचा नाश्ता. मला वाटलं होतं भुकेनं मरेन. तिसऱ्या दिवसापासून उलट ॲसिडिटीची गोळी घ्यायचं विसरायला लागलो.

पहिले साडेतीन दिवस फक्त नाकपुडीपाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. ऐकायला सोपं आहे. माझ्या नाकापाशी श्वास कमी आणि गिऱ्हाइकं जास्त होती. 'शेठ, थायरॉइडची पन्नासची आहे का', 'मागचे एकशेचाळीस लिहून ठेवा'. हात सारखा खिशाकडे जायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी अचानक लक्षात आलं की सकाळपासून मला कोणी काहीच मागितलेलं नाही. बावीस वर्षांत असा दिवस आला नव्हता, लग्नाचाही नाही.

चौथ्या दिवशी खरी विपश्यना, म्हणजे अंगावरच्या संवेदना बघणं, सुरू होते, आणि मग रोज तीन वेळा एकेक तास न हलता बसायचं. माझा डावा गुडघा विसाव्या मिनिटाला पेटायचा. संवेदना फक्त बघा, प्रतिक्रिया देऊ नका, असं सांगतात. सहाव्या दिवशी पहिल्यांदा तासभर बसलो. दुखणं तेवढंच होतं, पण त्याच्याभोवती मी जो आरडाओरडा करायचो तो कमी झाला. वेदनाशामक विकणाऱ्याला हे पचायला जड गेलं. पंचशील घेतल्यामुळे डासही मारता येत नाही. तो चावून, पोट भरून उडून जाईपर्यंत बघत राहिलो.

संध्याकाळी सातला गोएंका गुरुजींचं प्रवचन, व्हिडिओवर. ही शिबिरं त्यांनीच सुरू केली. गुरुजी २०१३ मध्ये गेले, पण त्यांच्या हिंदीतला मिश्कीलपणा अजून हसवतो. मूळचे ब्रह्मदेशातले व्यापारी. मायग्रेन इतकं की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागायची. म्हणून १९५५ मध्ये तिथले विपश्यनेचे आचार्य सयाजी उ बा खिन यांच्याकडे गेले, तर त्यांनी सुरुवातीला नकारच दिला. डोकेदुखी घालवण्यासाठी ही विद्या नाही, म्हणाले. मॉर्फिनचं ऐकून मी सावरून बसलो. मीही झोपेची गोळी सोडायलाच आलो होतो की.

अर्जात आजार आणि औषधं विचारतात. मी बीपी लिहिलं, अल्प्राझोलाम लपवलं. तुम्ही असं करू नका. कोणी मानसोपचाराची औषधं घेत असेल, तर आधी स्वतःच्या डॉक्टरांना विचारा, अर्जात खरं लिहा, आणि गोळी मनानं बंद करून जाऊ नका.

आता झोपेचं. पहिल्या दोन रात्री टक्क जागा. इगतपुरीचा पाऊस पत्र्यावर, मधूनच रेल्वेची शिट्टी. तिसऱ्या रात्रीपासून साडेनऊला पडलो की चारला घंटाच ऐकू यायची. मी खूश, इलाज सापडला म्हणून. फक्त दुपारच्या बैठकीत डुलक्या का येतात ते कळत नव्हतं.

दहाव्या दिवशी सकाळी मौन सुटलं. माझ्या खोलीतले जोडीदार खानदेशातले निवृत्त एसटी ड्रायव्हर. दहा दिवस एका शब्दाविना शेजारी झोपलेलो. त्यांचं पहिलं वाक्य, "दादा, राग नका मानू, तुम्ही घोरता." मी माफी मागायला लागलो, तर म्हणाले, "घोरण्याचं काही नाही हो. पण मध्येच तुमचा श्वास बंद पडतो. मी मोजायचो. एकदा बावीसपर्यंत गेलो. उठवणार होतो, पण हात लावायचा नाही ना."

दहा दिवस मी माझा श्वास बघत होतो, आणि रात्री तो हा माणूस बघत होता!

घरी आल्यावर स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी केली. तासाला एकतीस वेळा श्वास अडकतो. तीसच्या वर गेलं की गंभीर धरतात. झोपेत श्वास असा अडकत असला की बीपी वाढतं आणि झोपेच्या गोळीनं तो आणखी अडकू शकतो, हे मला पुस्तकातून पाठ आहे. स्वतःला कधी लावून बघितलं नव्हतं. आता रात्री सीपॅप मशीन लावतो, ते मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवतं. बायको म्हणाली, "मीपण अकरा वर्षं हेच सांगत होते, आणि तेही फुकट."

बाकी हिशेब असा : वजन अडीच किलो उतरलं. बीपी आल्या आल्या १३४/८६ होतं, महिन्याभरात, मशीन यायच्या आधीच, पुन्हा १४६ वर गेलं, कारण जेवण पुन्हा रात्री अकराला. आता दुकान साडेनऊला बंद करतो. सकाळी वीस मिनिटं बसतो, आठवड्यातून चार दिवस म्हणू या. सकाळ-संध्याकाळ तासतास बसा असं त्यांचं सांगणं आहे, ते माझ्याच्यानं होत नाही.

जाणार असाल तर नोंदणी बरीच आधी करा. जमिनीवर बसायची सवय घरीच महिनाभर करा. पावसाळ्यात टॉवेल दोन न्या, एक वाळत नाही. आणि छत्री काळी नको, हॉलबाहेर सगळ्यांच्याच काळ्या असतात, आणि 'ही माझी' म्हणायला तोंड उघडता येत नाही.