स्मार्टवॉचला फिल्म लावू की बंपर केस घालू?

घड्याळ नवीन असताना त्याचा लूक झाकायला जीवावर येतं, आणि उघडं ठेवलं तर दाराच्या कडीला, भिंतीला कधी घासेल सांगता येत नाही.

मला स्वतःला टीपीयूची (म्हणजे लवचिक, रबरासारख्या प्लास्टिकची) पातळ फिल्म जास्त आवडते, कारण ती वळलेल्या कडांवरही नीट बसते, लावल्यावर जवळजवळ दिसत नाही आणि बारीक ओरखडे तर काही वेळाने आपोआप भरून येतात. खरा शत्रू वाळू आहे बरं का! कठीणपणा मोजणाऱ्या मोह्स स्केलवर (1 सर्वात मऊ, 10 सर्वात कठीण) वाळूतलं क्वार्ट्झ 7 वर आणि साधी काच साधारण 5.5 वर, म्हणजे धुळीचा हात काचेवरून फिरवला तरी चरा पडू शकतो. पण जोरात आपटलं तर फिल्म फारसं वाचवत नाही.

तिथे घड्याळाच्या कडेभोवती बसणारी बंपर केस कामाला येते, कडा काचेपेक्षा जरा वर असल्या की धक्का आधी तीच खाते. फक्त घड्याळ जाड दिसतं, आणि आत घाम-धूळ अडकून फ्रेमची पॉलिश घासली जाते, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी काढून पुसाच. पुढे काच असलेली केस मात्र मी घेणार नाही, मधे पाणी शिरलं की टच नीट चालत नाही.

सफायर काच असेल (ती 9 वर असते) तर ओरखड्यांसाठी फिल्म नकोच. रोज ऑफिसला फिल्म पुरते, ट्रेकला किंवा जिमला जाताना वरून पारदर्शक बंपर चढवायचा आणि घरी आलं की काढायचा.