लिनिअर घेताना मी कसा फसलो, आणि आत काय काय निघालं

परवा ओळखीच्या एका ओएमने (हॅम रेडिओवाल्या मित्राने) लिनिअरची, म्हणजे रेडिओच्या सिग्नलची ताकद वाढवणाऱ्या यंत्राची, जाहिरात पाठवली आणि विचारलं, "घेऊ का?" फोटो बघितल्याबरोबर माझ्या पोटात गोळा आला. मी फसून घेतली होती तशीच करडी पेटी, तोच मजकूर: ३-५००झेड (काचेच्या मोठ्या व्हॉल्व्हचा नंबर), नवाकोरा व्हॉल्व्ह, पाचशे वॅट आरामात, आठवडाभर टेस्ट केलेला. विकणारा तोच, मोबाईल नंबर तेवढा नवीन. त्याला मी थांबवलं, पण जाहिरात बाकीच्यांनाही जात असणार, म्हणून सगळं लिहून काढतोय.

मी खानापूरचा. हॅम रेडिओचा परवाना जनरल ग्रेडचा, गच्चीवर इन्व्हर्टेड व्ही (उलट्या व्हीच्या आकाराची तारेची अँटेना), संध्याकाळी ४० मीटरच्या रेडिओ बँडवर गप्पा. वळवाच्या दिवसांत आमच्याकडे इतकी खरखर असते की शंभर वॅटचा आवाज पलीकडच्याला कळत नाही. म्हणून एका व्हॉल्व्हचा लिनिअर शोधत होतो. हा माणूस फोनवर अस्सल आपल्याकडचं बोलला. "माझं आजोळ निपाणीचं, आपल्याच माणसाला फसवीन काय दादा?" सीमाभागात राहणाऱ्याला हे वाक्य कुठं लागतं ते त्याला ठाऊक होतं. मी विरघळलो. व्हिडिओत लिनिअर २० मीटरवर डमी लोडमध्ये (अँटेनाऐवजी जोडलेल्या रेझिस्टरमध्ये) पाचशे वॅट देत होता, वॅटमीटरचा काटा तिथंच स्थिर होता.

व्यवहार ठरला ६८ हजारांना. माल कोगनोळीच्या टोलनाक्याजवळ हायवेला, रात्री साडेआठला. पेटी उचलायला दोन माणसं लागली. वीज नाही, उजेड नाही, झाकण उघडायचं तर "सील तुटेल, वॉरंटी जाईल" म्हणाला. घरी बनवलेल्या यंत्राला कसलं सील आणि कसली वॉरंटी, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही. पैसे यूपीआयने, खातं तिसऱ्याच नावाचं. "भावाचं आहे," म्हणाला.

पहिल्या दिवशी ४० मीटरवर सगळं ठीक चाललं. दुसऱ्या दिवशी १५ मीटरला नेला, ड्राइव्ह (रेडिओकडून येणारा सिग्नल) न देता नुसती की (प्रक्षेपणाचं बटण) दाबली आणि ट्यूनचा कंडेन्सर (आउटपुट जुळवायच्या धातूच्या पाळ्या) फिरवला, तर एका ठिकाणी ग्रिडच्या (व्हॉल्व्हमधल्या जाळीच्या) मीटरचा काटा थरथरून वर गेला. आत काहीच पाठवलेलं नसताना ग्रिड करंट दिसतो याचा अर्थ लिनिअर स्वतःच ऑसिलेट होतोय, म्हणजे स्वतःच सिग्नल तयार करतोय. हे मला तेव्हा माहीत असतं तर तिथंच बंद केला असता. मी पुढं गेलो. तिसऱ्या दिवशी बार उडाला. फटाक्यासारखा आवाज, ट्यूनच्या पाळ्यांमध्ये निळा लोळ, आणि घरभर जळका वास. धाकटा मुलगा शेजारच्या खोलीत अभ्यासाला बसला होता, तो धावत आला.

फोन केला तर उत्तर तयारच होतं. "तुमच्याकडची लाईन कमीजास्त होते, स्टॅबिलायझर लावा." आठ हजारांचा लावला. पुन्हा बार. "खानापूरच्या पावसाची ओल आहे, पाळ्यांवर दमटपणा बसतो." सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या, दोन दिवस बल्ब लावून पेटी शेकली. पुन्हा बार. "मग अँटेनात दोष." पावसात गच्चीवर चढून फीडलाईन बदलली, कनेक्टर नवे लावले, एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली ते सांगणारा आकडा, एकच्या जवळ चांगला) १.२ आला. पुन्हा बार, आणि या वेळी रेक्टिफायरच्या (एसीचं डीसी करणाऱ्या) डायोडची अख्खी माळ शॉर्ट झाली. यातलं एकही कारण अगदीच अशक्य नव्हतं. ओल, धूळ, चुकीचा लोड यांनी ठिणगी पडतेच, लोडचा (अँटेनाकडच्या जुळणीचा) कंडेन्सर फार बंद ठेवून जोरात ड्राइव्ह दिला तर चांगल्या लिनिअरमध्येही ट्यूनच्या पाळ्या आर्क करतात. म्हणूनच मी दीड महिना दोष माझ्याच घरात शोधत राहिलो. नंतर त्याने मला ब्लॉक केलं.

बेळगावात टिळकवाडीत राहणारे एक काका आहेत. आयुष्य व्हॉल्व्हच्या सेटांत गेलेलं. पेटी गाडीत घालून त्यांच्याकडं नेली. त्यांनी आधी झाकण काढू दिलं नाही, प्लग काढून भिंतीपासून लांब ठेवायला लावला आणि विचारलं, "बंद करून किती वेळ झाला?" डायोड गेल्यापासून चालूच केला नव्हता, ते सांगितलं. "मग आत्ता इथं परत चालू करून, बंद करून पाच मिनिटांनी बघू." खराब डायोडची माळ त्यांनी आधी बदलून दिली, मग तसं केलं. पॅनेलचा मीटर ग्रिडवर होता, एचटी (व्हॉल्व्हला लागणारं हजारो व्होल्टचं व्होल्टेज) किती उरलंय ते दिसत नव्हतं. काकांनी पीव्हीसीच्या दांड्याला तांब्याचा आकडा आणि मध्ये रेझिस्टर घातलेली त्यांची काठी चॅसिसला जोडून एचटीला लावली. ठळक ठिणगी पडली. पाच मिनिटांनंतर.

एचटी साठवणाऱ्या फिल्टर बँकेत २२० मायक्रोफॅरडचे आठ कंडेन्सर सिरीजमध्ये आहेत, एचटी साधारण २८०० व्होल्ट. म्हणजे शंभर ज्यूलच्या वर ऊर्जा. प्रत्येक कंडेन्सरवर एक ब्लीडर रेझिस्टर असतो, तो बंद केल्यावर चार्ज उतरवतो आणि चालू असताना आठहीजणांत व्होल्टेज सारखं वाटतो. एक लाख ओहमचे असतील तर दीड-दोन मिनिटांत बँक रिकामी होते. इथं आठांपैकी पाच रेझिस्टरांच्या तारा कटरने कापलेल्या होत्या. काळे पडलेले दोन होते, बाकीचे चांगले. बदलायला फार तर शंभर-दीडशे रुपये लागले असते. घरी मी झाकण उघडून ब्रशने धूळ झाडली होती, दोनदा. ६८ हजार गेल्याचा राग एकीकडे, पण ही कापलेली टोकं आठवली की मला अजून झोप लागत नाही. त्याला माहीत होतं, आणि तरी त्याने ती पेटी माझ्या गाडीत ठेवली.

मग अॅनोड. व्हॉल्व्हच्या टोपीपासून, म्हणजे अॅनोडच्या टोकापासून, चोककडं (एचटी आणणाऱ्या कॉइलकडं) जाणाऱ्या तारेत पॅरासिटिक सप्रेसर असतो: दोन-तीन वेढ्यांची लहान कॉइल आणि तिला समांतर कार्बनचा रेझिस्टर. एचएफच्या (आमच्या बँडच्या) वर, व्हीएचएफच्या उंच फ्रीक्वेन्सीला, अॅनोडची तार आणि ट्यूनचा कंडेन्सर मिळून वेगळंच एक सर्किट तयार होतं, त्याला मारून टाकायचं काम हा करतो. इथं समांतर लावला होता पांढरा चौकोनी सिमेंटचा रेझिस्टर. मी मल्टिमीटर लावून म्हटलं, "काका, ४७ ओहम बरोबर दाखवतोय की."

"मीटर काय सांगणार रे? आत तारेचं वेटोळं हाय. व्हीएचएफला तो रेझिस्टर नव्हेच, दुसरी कॉइल झाली ती."

मूळचा कार्बनचा तडकला असणार, म्हणून विकणाऱ्याने हाताला लागला तो बसवला. काकांनी जुन्या डब्यातून शंभर-शंभर ओहमचे दोन कार्बन रेझिस्टर काढून जोडले. ड्राइव्हशिवाय की दाबून ट्यून आणि लोड दोन्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या बँडवर फिरवले. ग्रिडचा काटा शून्यावरच राहिला. मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. दहा मिनिटांनी, की दाबलेली नसताना, नुसतं एचटी आणि फिलामेंट (व्हॉल्व्ह तापवणारी तार) चालू असताना बार उडाला. असा बार ऑसिलेशनचा की व्हॉल्व्हमधल्या गॅसचा, यावर जाणत्या हॅममध्ये जुना वाद आहे. आमच्या पेटीत दोन्ही रोग होते, आणि एक बरा झाल्याशिवाय दुसरा ओळखू येत नव्हता. काकांकडं हायपॉट टेस्टर आहे. फिलामेंट थंड ठेवून, खूप मोठ्या रेझिस्टरमधून काही हजार व्होल्ट व्हॉल्व्हला द्यायचे आणि मायक्रोअॅम्पियरचा काटा बघायचा. त्यांच्याकडच्या चांगल्या ३-५००झेडला काटा जेमतेम हलला. माझ्या 'नव्याकोऱ्या'ला तो चढत गेला आणि आत इलेक्ट्रोडांमध्ये जांभळट धुकं दिसलं. काचेच्या आतल्या अंगाला निळसर झाक चांगल्या व्हॉल्व्हलाही येते, ती वेगळी. हे धुकं मधोमध होतं, म्हणजे आत गॅस शिरलेला.

नवा म्हणून विकलेला व्हॉल्व्ह किती नवा होता तेही कळलं. स्पिरिटचा बोळा फिरवला तर काचेवरचं नाव निघून आलं. तळाच्या पिनांच्या टोकांना ताज्या सोल्डरचे थेंब होते. या व्हॉल्व्हला फिलामेंट पेटल्यापासून तळावर वारा लागतो, तो कमी पडला की पिनांमधलं सोल्डर वितळतं. आत बघितलं तर मूळच्या ब्लोअरच्या जागी कॉम्प्युटरचा पंखा. आणि सगळ्यात हुशारीची चोरी फिलामेंटमध्ये होती. ३-५००झेडला ५ व्होल्ट लागतात, साडेचौदा अॅम्पियर, आणि पाच टक्क्यांपेक्षा इकडंतिकडं जायचं नाही. सॉकेटच्या पिनांवर मोजले तर ५.६. ट्रान्सफॉर्मरचा टॅप सरकवला होता. थकलेल्या फिलामेंटला जास्त तापवलं की काही दिवस तो तरुणासारखा करंट देतो आणि मग लवकर मरतो. व्हिडिओतले पाचशे वॅट असे आले होते, आणि मी त्यावर स्टॅबिलायझर घेऊन बसलो होतो.

अजून दोन गोष्टी निघाल्या. मेनच्या फ्यूजमध्ये तांब्याची जाड तार. आणि एचटीच्या लाईनमध्ये २५-३० ओहमचा जो रेझिस्टर असतो, तोच नाही. व्हॉल्व्हमध्ये आर्क झाला तर कंडेन्सर बँक एका क्षणात रिकामी होते, हा रेझिस्टर तो झटका साधारण शंभर अॅम्पियरवर अडवतो. तिथं मात्र वायरवाउंडच, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचाच, हवा. तो असता तर माझे डायोड बहुधा वाचले असते.

१९३० वर (सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर) तक्रार केली आहे. पोलिसांसाठीचा अर्ज शेजारच्या मास्तरांनी कन्नडमध्ये लिहून दिला, व्हॉल्व्ह म्हणजे काय ते त्यांना समजावण्यात एक दुपार गेली. पैसे अजून आलेले नाहीत. पण यूपीआयची पावती, व्हिडिओ आणि व्हॉट्सअॅपचं सगळं बोलणं ठेवलेलं आहे, कुणाला त्याच माणसाविरुद्ध तक्रार करायची असेल तर देईन.

आता मी कुणाचाही लिनिअर बघायला गेलो तर मालकाच्या घरी, दिवसा, वीज असलेल्या ठिकाणी जाईन. थंड यंत्र चालू करण्याआधी, प्लग काढून, झाकण उघडून आधी काठी लावीन आणि मग ब्लीडर मोजीन, सप्रेसरचा रेझिस्टर डोळ्यांनी बघीन, मग ड्राइव्हशिवाय सगळ्या बँडवर ट्यून फिरवायला लावीन, विशेषतः १५ आणि १० मीटरवर. फिलामेंटचं व्होल्टेज मालकासमोर सॉकेटवर मोजायचं, पण तेही एचटी बंद करून, काठी लावून आणि एचटीची प्रायमरी सोडवून. "सील तुटेल" म्हणणाऱ्याकडून मी परत येईन, मग तो कुठल्याही गावचा असो.

खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या भागातलं कुणी असा लिनिअर घेणार असेल तर पैसे देण्याआधी कळवा. रविवारी काकांना वेळ असतो. त्यांचा टेस्टर आणि मी आता स्वतःसाठी बनवलेली काठी घेऊन आम्ही दोघं येऊ, प्रवासखर्च नको.