आकाशवाणी की यूट्यूब? सोलापूरची मुलाखत कुठे ऐकावी

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत नंदीध्वजाच्या (मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठीच्या) मानकऱ्याला बोलतं करावं ते आकाशवाणीनंच. सात नंदीध्वज, अक्षता सोहळा, होम मैदान... निवेदक मध्ये तोंड घालत नाही. मानकरी आजोबा कानडी वळणाचं मराठी बोलतात, मध्येच थांबतात, खोकतात. तेही तसंच ऐकू येतं. राजकारण निघालं की मात्र बोलणं एकदम सोवळ्यातलं!

तिथे यूट्यूबवाला बरा. माइक पुढ्यात धरून उमेदवाराला थेट विचारतो, "उजनी धरण भरलंय, मग आमच्या नळाला रोज पाणी का नाही?" मागे रिक्षांचे हॉर्न, उत्तर निम्मं ऐकू येत नाही, पण उमेदवाराचा चेहरा दिसतो की.

खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही, म्हणून ते इथे धरलेलं नाही.