एबीएस वाचणारा स्कॅनर : ठाण्यातला एक पावसाळा धरून आठ महिन्यांच्या वापरानंतर

हा रिव्ह्यू स्वतःचा स्क्रीन असलेल्या, हातात धरायच्या स्कॅनरचा आहे. इंजिनाबरोबर एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा), एअरबॅग आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही वाचणारा हा प्रकार. वापर जून ते जानेवारी, आणि गाड्या बहुतेक घोडबंदर रोड नाहीतर ठाणे-बेलापूर रोडवर रोज पळणाऱ्या. मोबाइलला जोडायचं ब्लूटूथचं स्वस्त डोंगल या कामाला पुरत नाही. ते इंजिनाचे ‘पी’ने सुरू होणारे बिघाडाचे कोड दाखवतं, एबीएसचे ‘सी’ कोड बहुतेक वेळा त्याला दिसतच नाहीत. डॅशबोर्डवरची एबीएसची लाइट पेटलेली आणि डोंगल म्हणतंय ‘कोड नाही’, म्हणून गाडी ठीक समजू नका.

1 एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. त्यामुळे बेस मॉडेललाही चार चाकांचा वेग मोजणारे चार सेन्सर आले, आणि त्या गाड्यांनी आता आपल्याकडचे कित्येक पावसाळे खाल्लेत. खड्ड्यातलं पाणी, खाडीकडची दमट हवा, सोसायटीच्या पार्किंगमधले उंदीर, तिघांचाही मार याच वायरिंगवर.

स्कॅनर लावण्याआधी लाइट कधी पेटते ते बघा. इग्निशन ऑन केल्यावर ती काही सेकंद पेटून विझायला हवी. विझलीच नाही किंवा गाडी जागेवर असतानाच परत आली, तर बहुधा दोष विजेचा : फ्यूज, तुटलेली वायर, कपलरमध्ये (वायर जोडणाऱ्या सॉकेटमध्ये) पाणी, अर्थिंग. गाडी हलल्यावर पेटली तर सिग्नलचा : सेन्सरचं अंतर, गंज, एन्कोडर रिंग (चाकाबरोबर फिरणारी, सेन्सर जिच्यावरून वेग वाचतो ती रिंग). एवढ्यानेच निम्मं काम होतं. एबीएससोबत लाल ब्रेक लाइटही पेटली असेल तर गाडी बाहेर काढू नका, आधी ब्रेक ऑइलची पातळी बघा. फक्त एबीएसची पिवळी लाइट असेल तर साधे ब्रेक लागतात, पण जोरात दाबल्यावर चाक लॉक होऊ शकतं. पावसात हे लक्षात ठेवूनच चालवा.

बॅटरीही आधीच मोजा. इंजिन बंद असताना 12.4 ते 12.6 व्होल्ट, चालू असताना साधारण 13.8 ते 14.4. बॅटरी दमली असेल तर सेल्फ मारताना व्होल्टेज इतकं खाली जातं की एबीएस मॉड्यूल (एबीएसचा कंट्रोल बॉक्स) कमी व्होल्टेजचा कोड साठवून ठेवतं, आणि चांगले सेन्सर नाहक बदलले जातात.

आता कोड. स्कॅनर ‘पुढचं डावं चाक, सेन्सर सर्किट’ असं दाखवतो आणि बरेच जण तिथेच सेन्सरची ऑर्डर देतात. कोड फक्त कुठल्या कोपऱ्यात बघायचं ते सांगतो. त्या कोपऱ्यात सेन्सर आहे, त्याची वायर आहे, कपलर आहे, बेअरिंगवरची रिंग आहे. आणि डावं म्हणजे सीटवर बसून समोर बघताना डावं, आपल्याकडे ड्रायव्हरच्या शेजारची बाजू. बॉनेट उघडून समोर उभं राहिलं की डावं-उजवं उलटतं आणि चांगल्या बाजूचा सेन्सर निघतो.

या उपकरणाचे पैसे वसूल होतात ते लाइव्ह डेटामध्ये, म्हणजे गाडी चालू असताना स्क्रीनवर दिसणाऱ्या सेन्सरच्या आकड्यांमध्ये. चारही चाकांचा वेग एकत्र लावा, शेजारी कुणाला तरी बसवून त्याला स्क्रीन बघायला सांगा आणि सेक्टरच्या आतल्या रिकाम्या रस्त्यावर सरळ 20 च्या वेगाने जाऊन हळूहळू थांबा. तीन चाकं अगदी कमी वेगापर्यंत आकडा दाखवतात आणि एक आधीच शून्यावर पडतं, तर त्या चाकाचा सिग्नल कमकुवत आहे. चौकातल्या सिग्नलला थांबता थांबता, कोरड्या रस्त्यावरही पेडल पायाखाली थरथरतं, त्याचं कारण बहुतेकदा हेच. मॉड्यूलला वाटतं चाक लॉक झालं, म्हणून ते ब्रेक सोडतं. गाडी अर्धा-एक फूट पुढे सरकते, म्हणून हा प्रकार अंगावर काढू नये. एखादं चाक सगळ्या वेगांना ठरावीक टक्क्यांनी वेगळं दिसलं तर आधी टायर बघा. 600 मिलिमीटर व्यासाच्या टायरची नक्षी 8 वरून 2 मिलिमीटरवर आली की व्यास 12 ने घटतो, म्हणजे 2 टक्के. एकच नवा टायर टाकला तर 50 च्या वेगाला एका किलोमीटरचा फरक दिसणारच, तो दोष नव्हे.

सिग्नल कमकुवत असेल तर गाडी जॅकवर आणि स्टँडवर घ्या, चाक काढा, सेन्सरचा बोल्ट (बहुतेक 10 नंबरचा पाना) सोडा. सेन्सर वायरला धरून ओढू नका, डावीकडे-उजवीकडे फिरवत काढा. भोकात तपकिरी पापुद्रे दिसतील. हबला आलेला हा गंज फुगतो आणि सेन्सरला वर उचलतो. सेन्सर आणि रिंगमधलं अंतर जेमतेम मिलिमीटरभर असतं, त्यामुळे गंजाचा पातळ थरही पुरतो. पॉलिश पेपरने भोक आणि बसायची जागा साफ करा, टोकावर चिकटलेला लोखंडी भुसा कापडाने पुसा. टोक मात्र घासू नका. बोल्ट हलका आवळा, प्लॅस्टिकचा कान पटकन तुटतो.

मल्टिमीटर लावण्याआधी सेन्सरचा प्रकार ओळखा. जुन्या गाड्यांतला पॅसिव्ह सेन्सर साधारण 800 ते 2000 ओहम दाखवतो आणि चाक हाताने फिरवलं की एसी व्होल्टेज देतो. नव्या गाड्यांतला ॲक्टिव्ह सेन्सर मॉड्यूलकडून करंट घेतो आणि 7 व 14 मिलिअँपिअरमध्ये सिग्नल बदलतो. त्याला ओहमवर मोजून काही कळत नाही. तिथे कपलर काढून, इग्निशन ऑन करून गाडीकडच्या बाजूला सप्लाय येतो का ते बघा. सप्लाय नसेल तर नवा सेन्सर टाकूनही लाइट जाणार नाही. सप्लाय आहे पण स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आकडा गायब होतो? मग शॉकअबसॉर्बरजवळ वाकणारी वायर आतून तुटली आहे. वरचं रबर शाबूत दिसतं, म्हणून हाताने चाचपून, हलवूनच बघा.

बेअरिंग बदलल्यावर लगेच लाइट आली तर ते उलटं बसलंय, असा संशय आधी घ्या. बऱ्याच बेअरिंगच्या एका सीलमध्ये चुंबकीय एन्कोडर असतो. दिसायला दोन्ही बाजू सारख्याच, पण एक छोटी पेपर क्लिप टेकवली की एन्कोडरच्या बाजूला ती हलकी चिकटते. तीच बाजू सेन्सरकडे हवी. उलटं प्रेस झालेलं बेअरिंग काढताना बहुधा खराब होतं, म्हणून ही दहा सेकंदांची तपासणी प्रेसखाली घालण्याआधी करा.

उपकरणाच्या उणिवाही आहेत. चारही चाकं एकत्र लावली की आकडे सावकाश बदलतात आणि क्षणभर तुटणारा सिग्नल निसटतो. संशयाचं एक आणि चांगलं एक, अशी दोनच चाकं निवडा. उन्हात स्क्रीन वाचता येत नाही. गाडीच्या स्कॅनर लावायच्या पोर्टमध्ये रात्रभर राहिला तर गाडीची बॅटरी खातो. घेताना विक्रेत्याकडून ‘सगळ्या गाड्या चालतात’ एवढ्यावर समाधान मानू नका. आपल्याच गाडीवर लावून एबीएसचा लाइव्ह डेटा दाखवायला सांगा, कारण त्याच नावाचं परदेशी मॉडेल यादीत असलं तरी आपल्याकडचं उघडेलच असं नाही.

ब्रेक ब्लीडिंगसाठी (ब्रेकच्या पाइपांतली हवा काढण्यासाठी) स्कॅनरवरून एबीएसचा पंप फिरवायची सोय आहे, ती एबीएस युनिटमध्ये हवा गेली असेल तेव्हाच लागते. दोन माणसं हवीत, आणि टाकीतलं ब्रेक ऑइल एकदाही खाली जाता कामा नये.

दुरुस्ती झाल्यावर जुने कोड लिहून ठेवा आणि मगच उडवा. काही गाड्यांत लाइट लगेच विझत नाही. मॉड्यूल चाकांचा वेग पुन्हा तपासतं, त्यासाठी गाडी 20-30 च्या वेगाने थोडी चालवावी लागते. तेवढं न करता ‘सेन्सर डुप्लिकेट निघाला’ म्हणून दुकानात परत नेऊ नका.